हे घेतं तरी कोण?

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी पाऊल टाकलं की पहिल्या पाच मिनिटांत एकच प्रश्न पडतो: हे घेतं तरी कोण? ताडपत्रीवर चाव्यांचा ढीग असतो आणि त्यातल्या एकाही चावीचं कुलूप जवळपास नसतं. पलीकडे रिमोट आहेत, टीव्ही नाहीत. कुकरची झाकणं आहेत, कुकर नाहीत. कॅमेऱ्याची सुटी लेन्स, शिलाई मशीनचं चाक, नळाच्या मुठी, शेगडीचे बर्नर, एकाच पायाचा स्केट, तराजूचं एकच पारडं. आणि या सगळ्यासमोर उकिडवे बसून, एकेक वस्तू उचलून उन्हात धरून पाहणारे गंभीर चेहऱ्याचे लोक.

मंगळवार पेठ आणि कसबा पेठेच्या सांध्यावर, कुंभारवेशीच्या आसपास हा बाजार भरतो. रविवारी आणि बुधवारी. वारांच्या नावाच्या पेठा असलेल्या शहरात मंगळवारातला बाजार मंगळवार सोडून भरावा, यात पुणेकरांना काही वावगं वाटत नाही. रस्त्याच्या कडेनं गोणपाट, ताडपत्र्या, जुन्या चादरी अंथरलेल्या असतात आणि मांडामांड चालू असतानाच पहिले व्यवहार उरकलेले असतात. नऊ-दहाला आरामात चहा पिऊन येणाऱ्यांना जे दिसतं ते जाणकारांनी चाळून झालेलं असतं.

आधी चाव्यांचा हिशेब करू. आपल्याकडच्या कुलपांवर ‘सहा लिव्हर’, ‘सात लिव्हर’ असं कोरलेलं असतं. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातल्या पातळ पट्ट्या. चावीच्या एकेका दात्यानं एकेक पट्टी अगदी नेमक्या उंचीवर उचलली तरच आतला दांडा सरकतो. समजा, प्रत्येक दात्याच्या पाच उंच्या शक्य आहेत. मग सहा दात्यांच्या चाव्या १५,६२५ प्रकारच्या होतात. ढिगातली एखादी चावी तुमच्या कपाटाला बसेल ही आशा सोडलेली बरी. पण त्या ढिगाचं गिऱ्हाईक तुम्ही नाहीच, गिऱ्हाईक आहे चावीवाला. जुन्या वाड्याच्या दाराला असलेल्या कुलपाच्या कोऱ्या चाव्या आता सहजी मिळत नाहीत. तो तशाच घडणीची जुनी चावी शोधतो आणि कानशीनं तिचे दाते नव्यानं कापतो. कानशीनं धातू कमी करता येतो, वाढवता येत नाही. म्हणून त्याला लागते मूळ दाते उंच असलेली चावी, आणि म्हणूनच तो अर्धा अर्धा तास ढीग उपसत बसतो.

जुन्या बाजाराचं गुपित मला या ढिगात दिसतं. इथल्या बहुतेक वस्तू शहरातल्या जवळजवळ सगळ्या माणसांना बिनकामाच्या असतात आणि एखाद-दुसऱ्याला अत्यंत गरजेच्या. अशी वस्तू दुकानात ठेवून चालत नाही, तो एखाद-दुसरा केव्हा येईल याची वाट बघत भाडं कोण भरणार? पण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, दुर्मीळ वस्तू असणारे सगळे आणि दुर्मीळ वस्तू हव्या असणारे सगळे एकदम गोळा झाले, तर जी गाठ वर्षभरात पडली नसती ती एका सकाळीत पडते. आपल्या गावोगावच्या आठवडे बाजारांनी हीच युक्ती शेकडो वर्षं चालवली आहे. बैल विकणारा आणि बैल घेणारा एकमेकांना शोधत पंचक्रोशी तुडवत बसत नाहीत, वार ठरवतात. फरक इतकाच, की तिथे बैल येतो आणि इथे सिंगर मशीनचा सुटा शटल येतो.

माल येतो कुठून, हे पाहिलं की पुण्याचा इतिहासच उलटा वाचायला मिळतो. वाडे पडतात तेव्हा कड्या-कोयंडे, पितळी हंड्या, दिवळीतल्या चिमण्या, फ्रेममधली अनोळखी आजोबांची चित्रं इथवर पोचतात. फ्लॅटमध्ये जाताना माळा रिकामा होतो तेव्हा ग्रामोफोन, व्हीसीआर, टाइपरायटर येतात. आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, खडकीकडचे कारखाने यंत्रं बदलतात किंवा बंद पडतात, तेव्हा येतं ते या बाजाराचं खरं धन: हत्यारं. पाने, पकडी, ड्रिल बिटं, टॅप, व्हर्निअर. जुन्या वस्तूंचा बाजार म्हटल्यावर लोक समया आणि नाणी डोळ्यांसमोर आणतात, पण वर्कशॉपवाल्यांना विचाराल तर ते सरळ हत्यारांच्या ओळीकडे बोट दाखवतील.

त्या ओळीत थोडं थांबायला हवं. गंजलेल्या पान्यांच्या राशीत एखादा मायक्रोमीटर पडलेला असतो. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी लोखंडी चौकट, एका टोकाला स्थिर टेकू, दुसऱ्या टोकाकडून फिरत येणारा दांडा. हातात बसेल एवढीच वस्तू, पण तिच्या पोटात काय चाललंय ते ऐका. दांड्यावर आटे कापलेले असतात आणि दोन आट्यांमधलं अंतर असतं बरोबर अर्धा मिलिमीटर. म्हणजे मूठ एक पूर्ण फेरा फिरवली की दांडा अर्धा मिलिमीटर पुढे जातो. मुठीच्या कडेवर ५० रेघा आहेत. एक रेघ फिरवली तर दांडा सरकतो मिलिमीटरचा शंभरावा भाग. माणसाचा केस साधारण सहा-सात रेघा जाडीचा भरतो! डोळ्याला जे अंतर दिसूच शकत नाही, ते स्क्रूनं ताणून सहज दिसेल एवढं मोठं केलेलं असतं. त्याला वीज, सेल, पडदा काहीही लागत नाही.

मुठीच्या टोकाला आणखी एक छोटी टोपी असते, ती फिरवली की कट्-कट् आवाज येतो. ती का? कारण प्रत्येकाच्या हाताचा जोर वेगळा. पैलवानानं आवळलं तर माप कमी येईल, हलक्या हातानं धरलं तर जास्त. टोपी ठरावीक जोरापुढे घसरते आणि कट्-कट् करून सांगते की आता पुरे. सगळ्यांचा हात सारखा करण्याची ही सोय. आणि काही मायक्रोमीटरांच्या चौकटीवर प्लॅस्टिकची पट्टी बसवलेली असते, ती शोभेची नाही. हाताच्या उबेनं पोलाद फुगतं, आणि जिथे शंभराव्या भागाच्याही खाली मोजायचं असतं तिथे तेवढं फुगणंही महागात पडतं. जगभर अशा मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरलेलं आहे. जुन्या बाजारात एप्रिलच्या उन्हात तापलेला मायक्रोमीटर उचलताना ही गोष्ट आठवून हसू येतं.

घेताना दोन्ही टेकू पुसून एकमेकांना टेकवायचे, शून्य जुळतंय का बघायचं आणि मधल्या फटीतून उजेड येतो का ते आकाशाकडे धरून पाहायचं. शून्य थोडं हललेलं असेल तर छोट्या पान्यानं बसवता येतं. टेकूच झिजले असतील तर नमस्कार करून खाली ठेवायचा. मितुतोयो हे नाव दिसलं तर पुष्कळांचे डोळे चमकतात. ही जपानी कंपनी १९३४ साली येहान नुमाता यांनी मायक्रोमीटर बनवण्यासाठी काढली आणि त्यामागचा त्यांचा हेतू होता बौद्ध धर्माच्या प्रसारासाठी पैसा उभा करण्याचा. बुद्धाच्या वचनांची पुस्तकं हॉटेलांच्या खोल्यांतून ठेवणारी संस्था पुढे त्यांनीच उभी केली. शंभरावा भाग मोजणाऱ्या हत्याराच्या नफ्यातून धर्मप्रसार, ही कल्पना मला अजून पुरती पचलेली नाही.

आता भावाकडे येऊ. जुन्या बाजारात कशावरही किंमत लिहिलेली नसते.

“मामा, हा केवढ्याला?”

“पाचशे.”

“चालतोय का पण?”

“दादा, चालत असता तर हितं आला असता का? भवानी व्हायचीय, बोला काय देता.”

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती हुकू नये म्हणून विक्रेता पहिल्या गिऱ्हाइकाला थोडं झुकतं माप देतो, आणि गिऱ्हाईकही पहिल्याच सौद्यात फार घासाघीस करत नाही. निदान करू नये असा संकेत आहे. यात श्रद्धा आहेच, पण व्यवहारही आहे. पहिला सौदा झाला की विक्रेत्याला दिवसाचा अंदाज येतो आणि रिकाम्या हाती बसल्याची घाई जाते.

जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मध्यम भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात कोण देतंय? तो बाजारातून जातो आणि हळूहळू उरतात त्या खटारा गाड्या. या विचारासाठी पुढे २००१मध्ये नोबेल मिळालं, आणखी दोघा अर्थशास्त्रज्ञांबरोबर. जुन्या बाजारात मात्र हा सिद्धांत वाकडा होतो. इथे विक्रेत्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं की आपल्याकडे काय आहे. त्यानं गोणीभर माल एकगठ्ठा उचललेला असतो. त्याला माहीत असते ती गोणीची किंमत, तुम्हाला माहीत असतो वस्तूचा उपयोग, आणि दोघंही एकमेकांच्या चेहऱ्यावरून उरलेलं अर्धं ज्ञान काढून घ्यायच्या खटपटीत असतात. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू गावाच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८मध्ये जे मांडलं ते इथे नेमकं लागू पडतं: अशा बाजारात सर्वांत टंचाई असते ती माहितीची, आणि घासाघीस हा माहिती खणून काढायचा मार्ग असतो. ‘दोनशे’ म्हटल्यावर विक्रेता किती पटकन नकार देतो, यावरून त्याची खरेदी किती होती हे कळतं. म्हणून मुरलेली मंडळी हवी असलेली वस्तू पहिल्यांदा हातात घेत नाहीत. शेजारचा निकामी पंखा उलटापालटा करतात, त्याचा भाव पाडतात, मग जाता जाता म्हणतात, “बरं, आणि हे काय आहे?” विक्रेत्यांना ही युक्ती पाठ असते. तरी दोन्ही बाजू इमानेइतबारे ती दर रविवारी खेळतात.

या खेळात माहितीचं सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे खिशातला लोहचुंबक. नाण्यांच्या पथाऱ्यांसमोर तो बाहेर काढा. ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया वजनाला ११.६६ ग्रॅम आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. चुंबक त्याकडे ढुंकून बघत नाही. दुसऱ्या महायुद्धात चांदी टंचाईची झाली आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. हा रुपयाही चुंबकाला दाद देत नाही, पण घासला गेला की त्याच्या उंच भागांवर वेगळीच छटा दिसते. युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी पुढे परत करायची होती, म्हणून १९४७चा रुपया पाडला गेला शुद्ध निकेलचा. निकेल हा लोखंडासारखाच चुंबकाकडे ओढला जाणारा धातू. १९४७चा वाघाचं चित्र असलेला रुपया टचकन चिकटतो. साम्राज्याची तिजोरी कशी रिकामी होत गेली, हे सात-आठ वर्षांतले तीन रुपये आणि एक चुंबक एवढ्यावर हातात कळतं.

त्याच काळातला भोकाचा पैसाही ढिगानं मिळतो. १९४३ ते १९४७. तांबं वाचवायला मधोमध चांगलं मोठं भोक पाडून टाकलेलं. मला मात्र सर्वांत आवडतो तो १९११चा रुपया, आणि तो सहसा दिसत नाही. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर एका सन्मानचिन्हाची माळ कोरलेली आहे आणि त्या माळेत एक इवलासा हत्ती आहे. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. कोरणाऱ्यानं सोंड आखूड काढली आणि लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसू लागला. राजाच्या छातीवर डुक्कर, आणि तेही प्रत्येकाच्या खिशात जाणाऱ्या नाण्यावर! ओरड इतकी झाली की सरकारनं ती नाणी मागे घेऊन वितळवली आणि १९१२पासून सोंड स्पष्ट, लांब कोरली. आजही नाणीवाले भिंग लावून बघत असतात ते त्या सोंडेकडे. अर्थात जे दुर्मीळ त्याची नक्कल आलीच. तेव्हा शंभर रुपयांत १९११चा रुपया कोणी देऊ लागला तर समजून चालायचं.

रुपयाचं ते ११.६६ ग्रॅम वजन म्हणजेच एक तोळा. हे योगायोगानं झालेलं नाही. ८० तोळ्यांचा एक शेर, म्हणजे ८० रुपये तराजूत टाकले की शेर झाला. नाणं हेच वजन होतं. आजीच्या तोंडी सोनं तोळ्यात आणि भाजी शेरात असायची, त्या दोन्हींच्या मुळाशी एकच चकती. १ एप्रिल १९५७ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, १९५८पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला आणि ही जोडी फुटली. चार आणे मात्र बोलण्यात राहिले. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ला चलनातून गेलं तरी अजून कोणाची अक्कल ‘चार आण्याची’ काढतातच.

नाण्यांच्या बाजूला कधी कधी लाकडी किंवा पितळी मापांची उतरंड दिसते: चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. लोक ती शोभेला घेतात, त्यात मनीप्लांट लावतात. पण या उतरंडीत गणिताची एक सुंदर गोष्ट दडली आहे. प्रत्येक माप आधीच्याच्या बरोबर दुप्पट. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. चिपट्याला एक धरलं तर ही मापं होतात १, २, ४, ८, १६. आता एक चिपटं ते एकतीस चिपटी यांपैकी कुठलंही प्रमाण मनात धरा. ही पाच मापं प्रत्येकी जास्तीत जास्त एकदा भरून ते मोजता येतं. उदाहरणार्थ तेवीस: पायली, शेर, मापटं, चिपटं. अधोली कोरडीच राहिली. संगणकाच्या पोटात आकडे नेमके याच पद्धतीनं मांडलेले असतात, प्रत्येक घर एक तर भरलेलं किंवा रिकामं. धान्य मोजणाऱ्याला कमीत कमी भांड्यांत जास्तीत जास्त मापं हवी होती. त्याला सापडलेलं उत्तर आणि संगणकवाल्यांना सापडलेलं उत्तर एकच निघालं, कारण प्रश्न एकच होता.

घड्याळांच्या पथाऱ्यांसमोर गर्दी कायम. एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१मध्ये बंगळुरूत घड्याळं करायला सुरुवात केली. एका पिढीला दहावी पास झाल्याचं, लग्नाचं, निवृत्तीचं घड्याळ म्हणजे हेच. २०१६मध्ये कारखाने बंद करायचा निर्णय झाला आणि मग तरुण पोरं एचएमटीचं ‘जनता’ घड्याळ शोधत इथे येऊ लागली. तबकडीवर देवनागरी आकडे असले तर आणखी मागणी.

जनता घड्याळाला किल्ली द्या, कानाशी धरा. सेकंदाला पाच टिक. आत एक छोटं चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या आधारानं मागे-पुढे झुलत असतं आणि प्रत्येक झोक्याला मोठ्या स्प्रिंगचा साठलेला जोर एकेक पाऊल सुटू देतं. ताशी १८,००० टिक, दिवसाला ४ लाख ३२ हजार. समजा, पन्नास वर्षांपूर्वीचं हे घड्याळ दिवसाला तीस सेकंद मागे पडतं. ऐकायला चूक मोठी वाटते, पण दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे चूक एका टक्क्याच्या तिसाव्या भागाएवढी. बिनविजेच्या, घामानं भिजलेल्या, एसटीत आपटलेल्या यंत्राची!

तबकडीवर बारीक अक्षरात ‘१७ ज्युएल्स’ या अर्थाची ओळ असते. ही सतरा रत्नं खरी माणकं आहेत, म्हणजे रसायनानं खरीच. ॲल्युमिनियम ऑक्साइड, त्यात चिमूटभर क्रोमियम, म्हणून लाल. चाकांच्या सुईएवढ्या अणकुच्या ज्या भोकांत फिरतात, ती भोकं पितळेत पाडली तर झिजून रुंद होतील. माणिक फार कठीण, त्याला ते होत नाही, आणि गुळगुळीत असल्यानं तेलाचा थेंबही जागेवर राहतो. एवढी माणकं आणायची कुठून? ऑगुस्त व्हर्नोई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०२मध्ये पद्धत जाहीर केली: पूड ज्वालेतून खाली सोडायची, ती वितळत थेंबाथेंबानं साचते आणि माणकाची कांडी वाढते. म्हणून ती घड्याळात घालण्याइतकी स्वस्त झाली. ताडपत्रीवर अशी पन्नास घड्याळं मांडलेली असतील तर विक्रेत्यासमोर आठशेपन्नास माणकं पडलेली आहेत आणि त्यावर तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला वडापाव ठेवतोय.

घड्याळ घेताना तबकडी फार चकचकीत असेल तर सावध. नव्यानं रंगवून छापलेल्या तबकड्यांचा मोठा धंदा आहे, त्यांना बाजारात ‘रिडायल’ म्हणतात. भिंगातून बघा, अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. घालायला घेत असाल तर काही बिघडत नाही. जुनं म्हणून जादा पैसे मोजणार असाल तर मात्र डाग पडलेलं, पिवळटलेलं घड्याळच घ्यावं असं माझं मत. डाग खरे असतात.

तांब्या-पितळेच्या ओळीत हात, कान आणि पुन्हा चुंबक. मुलामा दिलेलं लोखंड चुंबक लगेच पकडून देतो. मग बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. पितळ ठणकतं आणि थांबतं. काशाची वाटी मात्र बराच वेळ वाजत राहते. कांसं म्हणजे तांब्यात भरपूर कथील. हा मिश्रधातू इतका कडक की कंप आत जिरत नाही, म्हणूनच झांजा आणि घंटा काशाच्या. तळपाय घासायची काशाची वाटी बहुतेक घरांतून गेली, ती इथे सापडते. तांब्याच्या हंड्यावर बारीक ठोक्यांची नक्षी दिसली तर ते मठारकाम. कसबा पेठेतली तांबट आळी इथून हाकेच्या अंतरावर. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी ती वसवली. ठोके फक्त देखणे दिसावेत म्हणून मारलेले नसतात. ठोकल्यानं तांब्याचा पत्रा कडक होतो आणि पातळ असूनही भांडं चेमटत नाही.

अशा ढिगांतून निवडत निवडत दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) आयुष्य घालवलं. धंदा चष्म्यांचा, टोपणनाव ‘अज्ञातवासी’. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, कुंकवाचे करंडे, दारांच्या चौकटी: लोक ज्याला अडगळ म्हणत होते ते त्यांनी देशभर फिरून गोळा केलं आणि लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं शुक्रवार पेठेत संग्रहालय उभं केलं. पुढे सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. तिथला अडकित्त्यांचा विभाग पाहून मग जुन्या बाजारात या. एरवी लोखंडाचा तुकडा वाटला असता त्याला पाय, मान आणि चोच दिसू लागते. खरेदी करताना एक कायदा तेवढा लक्षात असू द्या, विशेषतः परदेशातल्या भाच्याला भेट द्यायची असेल तर. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक, साहित्यिक मोलाची हस्तलिखितं सामान्य माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि हस्तिदंत कितीही सुंदर असला तरी हात लावू नका.

उन्हं डोक्यावर आली की भाव बदलायला लागतात. सकाळी ‘समई’ म्हणून मांडलेली वस्तू दिवस कलेपर्यंत गेली नाही, आणि असे तीन-चार रविवार गेले, तर विक्रेता एक दिवस तिला नगावर विकायचं सोडून किलोवर काढतो. मग ती नळाच्या तोट्या, वाकड्या बिजागऱ्या, चाव्या यांच्याबरोबर गोणीत जाते आणि गोणी ओतकाम करणाऱ्याकडे. पितळ नऊशे अंशांच्या थोडं वर वितळतं, आणि त्यातलं जस्त त्याच सुमाराला उकळायला लागतं, म्हणून मुशीतून पांढरा धूर निघतो. तांबं मात्र वितळवून वाया जात नाही. कितीदा आटवलं तरी शुद्ध केल्यावर त्याचे गुण तसेच. खाणीतून एकदा निघालेलं तांबं हंडा, घंटा, तोफ, काडतूस, नळ अशा कितीही रूपांतून फिरू शकतं. तुमच्या मोरीतल्या नळात पेशवाईतल्या एखाद्या समईचे कण असणं अगदी शक्य आहे, फक्त सिद्ध करता येणार नाही.

तेव्हा समई हवी असेल तर सात वाजता निघा. खिशात चुंबक आणि सुट्टे पैसे, हातात जाड कापडी पिशवी. मोठी नोट काढलीत की घासाघीस संपलीच म्हणून समजा. आणि उरलेला तो एकच स्केट, तो रिमोट कोण घेतं, हे बघायला दुपारपर्यंत थांबायची तयारी ठेवा. रिमोटचं मी पाहिलं आहे: दुरुस्तीवाला घेतो, आतल्या रबरी बटणांच्या पट्टीसाठी. स्केटचा अजून पत्ता लागलेला नाही.